भूक नसलेली आई

आमच्या विभागप्रमुखांचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. फिरू द्या.

मी तेव्हा शहरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. म्हणजे दर जूनला पुन्हा मुलाखत, पुन्हा नमुना पाठ, आणि सरांनी मान हलवली तरच वर्षभराची नोकरी. त्या खेपेला पाठासाठी त्यांनी एका जुन्या, गाजलेल्या नाटकातला संवाद दिला. पोरं आईला न विचारता घराच्या वाटण्या करून जेवायला बसतात, आणि म्हातारी सांगते की तिला भूक नाही, तुम्ही जेवून घ्या. करा संदर्भासह स्पष्टीकरण.

सगळ्या गाईडांत एकच उत्तर छापलेलं असतं, मातेचा त्याग. सरही जन्मभर तेच सांगत आलेले. मी फळ्यावर लिहिलं, राग.

"राग?" सर हसले.

"व्हय सर, राग. आमच्या गंगापूरकडं बाई भांडत नाय, ताट सारते. बापानं न विचारता मेंढरं विकली, तेव्हा आई एवढंच म्हणली, मला भूक नाय, तुम्ही जेवा. कुणाच्या घशाखाली घास उतरंना. शेवटी बाप मुकाट्यानं जाऊन मेंढरं माघारी घेऊन आला. ही म्हातारी पोरांचं जेवण नासवतीय, त्याग कसला डोंबलाचा!"

समितीतल्या एक बाई खुदकन हसल्या. सरांचे कान लाल झाले. "हा एम.ए.चा वर्ग आहे, मॅडम. मेंढवाड्यातलं इथं आणू नका."

लोक म्हणतात, तिथं गप्प बसायचं. का म्हणून? म्हटलं, "मग गाईडच उभं करा की फळ्यापुढं, मला कशाला बोलावलं?"

झालं. माझ्या जागी दुसरीला घेतलं. मी क्रांती चौकातल्या एका क्लासमध्ये दहावीच्या पोरांना निबंध शिकवायला लागले.

यंदा दिवाळीच्या तोंडावर, आता सरांकडंच एम.ए. करत असलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, सरांनी ते नाटक काय शिकवलं! म्हणले, तो त्याग नाहीच, राग आहे. त्यांची आईपण म्हणे ताट सारून बसायची. सांगताना डोळे भरून आले त्यांचे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. लगेच सरांना फोन लावला.

"अरे वा, मॅडम! कशा आहात?"

"नोकरी घेतली, अर्थ घेतला. आई तरी स्वतःची वापरायची, सर!"

सर खालच्या सुरात म्हणाले, "माझी आई आमची सगळ्यांची जेवणं झाल्यावर स्वैपाकघरात एकटी जेवायची. जेवायची की नाही, तेही मला ठाऊक नाही. मग मी सांगू काय?"

"हेच सांगा की वर्गात," म्हटलं, आणि फोन कट केला.