धुऱ्यावर अडवलेली मावशी

आमच्या चर्चच्या नाताळच्या नाटकात दुष्ट राजाचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. मंडळीत पुरुष पुष्कळ, पण शेवटच्या बाकावरच्या माणसाला धडकी भरेल असा आवाज माझा एकटीचाच. गोंदियातल्या मुर्रीच्या घरी मी नवऱ्याला चहाला हाक मारली, तर शेजारीही कप घेऊन उठतात. त्यामुळे नॉर्वेहून सेवेसाठी पाहुणे येणार आणि त्यांना दुभाषा हवा, असं ठरल्यावर आमचे पाळकसाहेब थेट माझ्याकडे बघून हसले. मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि मला माइक लागत नाही. आणखी काय पाहिजे?

पाहुणे देवरीकडे, जंगलाला लागून असलेल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात राहणार होते. तिघे दणकट पुरुष छप्पर दुरुस्त करणार होते. चौथी एक बाई, जिला आम्ही सगळे मावशीच म्हणू लागलो. साठी ओलांडलेली, विधवा, दारातून येताना वाकावं लागेल इतकी उंच. ती मुलींना विणकाम शिकवायला आली होती. तिच्या दोन्ही बॅगांत नुसती लोकर होती.

जुलै महिन्यात, देवरीत, लोकर! गोंदिया स्टेशनवर त्या बॅगा उघडून तिने मला कौतुकाने दाखवल्या, तेव्हा हसू दाबायला मी पदर तोंडात कोंबला.

पण खरा घोळ तिचा नव्हता, आमचा होता. जुलैत आम्हाला सुट्टी असते, तेव्हा आलो तर चालेल का, असं त्यांनी आधीच विचारलं होतं. आमच्या अख्ख्या मंडळीने टाळ्या वाजवून ‘चालेल’ म्हटलं. धानाच्या जिल्ह्यात जन्मलेल्या, तीन वेळा भात खाणाऱ्या आम्हां लोकांपैकी एकालाही आठवलं नाही, की जुलैत रोवणा, म्हणजे धानाची लावणी असते. रोवण्यात घरात म्हातारं माणूस राहत नाही, तिथे पोरी वसतिगृहात कशाला राहतील? आम्ही पोचलो तेव्हा स्वागताला स्वयंपाकीणबाई आणि तिची बकरी, एवढीच मंडळी हजर होती.

“पोरी कुठं आहेत वो?” मी विचारलं.

“बांधीत,” ती पाणी भरलेल्या शेतांकडे हात करत म्हणाली. “तुमाले का वाटलं, धान आपल्या मनानं लागते?”

छपरावरच्या तिघांना उलट बरंच झालं. रिकाम्या खोल्या, मनसोक्त ठोकाठोक. मावशीने मात्र व्हरांड्यात खुर्च्या गोल मांडल्या, प्रत्येक खुर्चीवर सुयांची जोडी आणि लोकरीचा गुंडा ठेवला आणि मधोमध बसून राहिली. बकरीने एक गुंडा खाऊन पाहिला. त्या वर्गाची तेवढीच विद्यार्थिनी.

मावशी कुठलीही गोष्ट देवाला विचारल्याशिवाय करत नसे. जीपमध्ये चढण्याआधी डोळे मिटायची, उतरल्यावर मिटायची. पोहे घ्यावेत की उपमा, यावरही बहुधा वरून सल्ला यायचा. आमचा जीपवाला गोंदिया शहरातला, हिंदीशिवाय न बोलणारा. तो स्टिअरिंगवर हनुवटी टेकवून मला हळूच विचारायचा, “मॅडम, ऊपर से सिग्नल मिला क्या? गाडी गरम हो रही है।” मी त्याला डोळ्यांनी दटावायची आणि मनात म्हणायची, लेका, मलाही तेच विचारायचंय.

काही दिवस असे गेले. एका दुपारी मी व्हरांड्यात आले, तर मावशी सुया गोळा करत होती.

“मी पाळकसाहेबांना सांगितलंय,” ती म्हणाली. “उद्या मला गोंदियाला सोडा. लवकरचं तिकीट मिळालं तर मी घरी जाते.”

“मावशी, मुली येतील की! रोवणा संपला की येतील.”

“तोवर माझी सुट्टी संपेल.” ती खाली बसली. “निघताना माझा मुलगा म्हणाला होता, आई, तुला देव बोलावत नाहीये. बाबा गेल्यावर घर रिकामं झालंय, ते तुला बाहेर ढकलतंय. मी त्याच्यावर रागावले. म्हटलं, देवाचा आवाज मला ओळखता येतो.” सुया तिने पुन्हा पुन्हा एका रेषेत लावल्या. “आता वाटतं, तोच खरं बोलत होता. आणि तो आवाज देवाचा नव्हता, तर मग आजवर मी ज्याला देवाचा आवाज समजत आले, तो कुणाचा होता?”

 मी तिचा हात धरला. मोठा, खरबरीत, थंड हात होता तो.

मग तिने नेहमीसारखे डोळे मिटले. पण या वेळी मोठ्याने बोलली, अगदी सोपं. “प्रभू, माझ्यासाठी इथे काम असेल तर ते माझ्या हातात दे. मी म्हातारी आहे, मला कळेल असं दे. नसेल, तर मी उद्या जाते.”

आमेन म्हणून ती उठली. निदान मुलींना भेटून सुया देऊन येऊ, म्हणाली. आम्ही पिशवी घेऊन जवळच्या शेताकडे निघालो. ती बांधाचा, आमच्या भाषेत धुऱ्याचा, चिखल पायाने चाचपत पुढे, मी साडी आवरत मागे.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. रोवणा चालू असताना धुऱ्यावरून कोणी परका माणूस चालला, की बांधीतल्या बाया त्याला सोडत नाहीत. पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, एक पेंढी त्याच्या वाटेत आडवी टाकायची आणि खाऊ मागायचा. तलाठी असो की मास्तर, कबूल केल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. मीही कितीदा अडकले आहे.

इथे तर साक्षात ताडासारखी गोरी बाई! बांधीत किलबिलाट उठला. वाकलेल्या सगळ्या पाठी सरळ झाल्या. त्यात आमच्या वसतिगृहाच्या पोरी होत्याच. एक म्हातारी, त्या रांगेची मुकादमीण, चिखल तुडवत आली आणि वाटेत पेंढी न टाकता तिने ती सरळ मावशीच्या हातात कोंबली.

“दे वो गोरे, खाऊ दे! नाई त जाऊ नाई देत!”

मावशीने हातातल्या पेंढीकडे पाहिलं. हिरवी, ओली, मुळांतून चिखल गळणारी. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या निळ्या डोळ्यांत पाणी भरलं होतं.

“हातात दिलं,” ती पुटपुटली.

मी दुभाषी. ‘मावशी, त्या खाऊ मागताहेत’ एवढं एक वाक्य माझ्या जिभेवर येऊन उभं होतं. पण रंगभूमीवर वावरलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: दुसऱ्याचा प्रवेश सुरू असताना मध्ये बोलायचं नसतं. मी तोंड मिटलं.

मावशीने चपला काढल्या, झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि बांधीत उतरली.

 बायांमध्ये असा हशा उसळला की पलीकडच्या बांधीतले नांगर थांबले. मावशी घोट्याच्या वरपर्यंत रुतली, एक पाय उपसला तर दुसरा गेला, शेवटी सगळीच बसली. पोरींनी तिला ओढून काढलं. मुकादमिणीने तिच्या बोटांत रोपं धरून दाखवलं: अंगठ्याने दाबायचं, सोडायचं, मागे सरकायचं.

“काऊन वो, अशी वाकडी लावून राहिली?” ती ओरडायची. “हे धान हाय, नागमोडी वेणी नाई!”

“ती काय म्हणते?” मावशी विचारायची.

“छान जमतंय म्हणते,” मी धुऱ्यावरून भाषांतर करायची.

दुसऱ्या दिवशी जीपवाला गाडी पुसून उभा होता. मावशी त्याच्या समोरून अनवाणी शेताकडे निघून गेली. उरलेले सगळे दिवस ती बांधीत होती. दुपारची भाकर खाऊन झाली, की पोरी धुऱ्यावर तिच्याभोवती बसायच्या आणि पिशवीतून सुया निघायच्या. चिखलाच्या बोटांनी विणलेल्या त्या टोप्या तपकिरीच झाल्या, लोकर मूळ कुठल्याही रंगाची असो. मुकादमीणही शिकली. तिची टोपी मात्र माठावर बसेल एवढी झाली. ती म्हणाली, “माठालेच घालीन. त्याले का थंडी वाजत नाई?”

निघायच्या आदल्या दिवशी मावशीने जीपवाल्याला देवरीच्या बाजारातून टोपलीभर जलेबी आणायला पाठवलं. “ये सिग्नल तो मेरे को भी मिला, मॅडम!” म्हणत तो उडालाच. मी चक्रावले.

“जलेबी कशाला, मावशी?”

“त्यांचा खाऊ राहिला होता ना,” ती म्हणाली. “पोरींनी दुसऱ्याच दिवशी खुणा करून सांगितलं मला.”

माझा राजाचा आवाज कुठच्या कुठे गेला. “मग तुम्ही... तरी तिकीट काढलं नाहीत...?”

“त्यांनी खाऊ मागितला, मी काम मागितलं होतं. पेंढी एकच होती.” ती हसली. “आणि लावणी करताना तुम्ही सगळ्या मागे सरकता, नाही का? आपण कुठे चाललोय ते दिसत नाही. लावलेलं तेवढं समोर दिसतं. मला वाटतं, मुलाला मी एवढंच सांगेन.”

त्यानंतर मावशी आणखी दोनदा आली. कुठला महिना सोयीचा, असं विचारून पाळकसाहेबांनी या वेळी शहाण्यासारखा हिवाळा सुचवला. तिने रोवणाच सांगितला. धुऱ्यावर मुकादमीण पेंढी घेऊन उभीच असायची. मावशी आधी पिशवीतली जलेबी तिच्या हातात द्यायची, मग चपला काढायची.

डोळे ती मिटायचीच. पण आता चिखलात उतरल्यावर.