भांड्याने प्यायलेला रंग

धामणकर नाक्याच्या शेअर रिक्षात तो रोज माझ्याच शेजारी कसा यायचा, देव जाणे. टेमघरला डाइंगमध्ये सूत रंगवायचा. नखं कायमची निळी. आणि सवय काय, तर शेजारच्याच्या कपड्याला ओलं बोट घासून बघायचं आणि निकाल द्यायचा, "ह्यो रंग सुटनार." माझ्या ओढणीचाही दिला. सुटला मेला.

त्या दिवशी रिक्षात मी मैत्रिणीला फोनवर माझ्या पीएचडीचं सांगत होते. डीएनएच्या द्रावणात निळा रंग सोडायचा, त्यातून प्रकाश पाठवायचा. यंत्रावर रंग कमी दिसला, की त्याचे रेणू डीएनएला चिकटले. सहा महिने तो छान कमी होत होता.

"पयलं भांडं बघा," हा मध्येच. "सूत पितं तसं भांडंबी पितं."

विचारलं होतं का कुणी? त्याला खोटं पाडायचं म्हणूनच मी लॅबमध्ये जाऊन काचेच्या कुपीत नुसता रंग ठेवला, डीएनए नाहीच. तासाभरात तोही कमी झाला. कुपी रिकामी करून, पाण्याने धुऊन आत स्पिरिट फिरवलं, तर ते निळं झालं. सहा महिने मी कुपीची भिंत मोजत होते!

दुसऱ्या दिवशी तो शेजारी होताच. "बघितलं का भांडं?"

"हो."

त्याने माझ्याकडे बघितलं. निळे हात मांडीखाली दाबून घेतले आणि सरकून मला जागा दिली. एरवी तसूभर न हलणारा माणूस! त्यापेक्षा "सांगितलं न्हवतं?" म्हणाला असता, तरी परवडलं असतं.