अण्णांची लाल नोट

त्र्याऐंशीच्या ऑगस्टात मी सांगलीहून अमेरिकेला शिकायला निघाले, तेव्हा आईनं हातावर दही घातलं आणि अण्णांनी दहाची लाल नोट ठेवली. मी ती परत त्यांच्या खिशात कोंबायला गेले. "अहो अण्णा, ही इथे चालत नाही, तिकडे काय चालणार?" तर म्हणाले, "म्हणूनच देतोय. तुझ्याकडून खर्च होणार नाही."

त्या नोटेनं आमची पुरती शोभा केली होती. अण्णा तरुणपणी बहरीनला फिटर होते. तिथे म्हणे आपलाच रुपया चालायचा. बहरीन, कतार, दुबई, मस्कत, सगळीकडे तोच. सोन्याच्या चोरट्या व्यापारात तो वाहून जायला लागला, म्हणून सरकारनं आखातापुरत्या वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या, नंबराआधी झेड. पुढे त्या देशांनी आपापली चलनं काढली आणि या नोटा गेल्या. एक तेवढी अण्णांनी आठवण म्हणून ठेवली.

सहा वर्षांची असताना मी ती गुपचूप घेऊन चिक्की आणायला गेले. दुकानदारानं सगळ्यांसमोर उलटीसुलटी करून विचारलं, "कुठल्या चूर्णाची जाहिरात गं ही?" झालं! तेव्हापासून गल्लीत अण्णा 'झेड शेठ'. कुणी थाप मारली की लोक म्हणायचे, झेड नंबरची दिसतेय. अण्णा हसायचे. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि खरं सांगते, माझाही त्यांच्यावर विश्वास नव्हता.

अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावात आम्ही तिघी मराठी मुली एक अपार्टमेंट शेअर करायचो. पहिल्या दिवाळीला लक्ष्मीपूजन ठरलं. बत्तासे कुठले मिळायला, मार्शमेलो ठेवले. पूजेला तिघींच्या मिळून डॉलरच्या चारच नोटा! पाट ओका दिसू नये म्हणून मी अण्णांची नोट काढली, पण डॉलरच्या खाली सरकवली. देवीला कशाला फसवायचं!

जेवायला माझ्या लॅबमधला खालिद आला होता. तो बहरीनचाच. दोन महिने रोज भेटत होता, पण नोटेबद्दल विचारायचा मला धीर झाला नव्हता. 'नाही' म्हणाला असता तर?

पूजेनंतर मी डॉलर उचलले आणि खालिद ओरडलाच, "रुबिया!" त्यानं नोट दोन्ही हातांनी धरली. त्याच्या आजीच्या पेटीत अश्शीच एक होती, नंबराआधी झेडसुद्धा. आजी तर अजूनही त्यांच्या शंभर फिल्सच्या नाण्याला रुबियाच, म्हणजे रुपयाच, म्हणायची. मी घळाघळा रडायला लागले. मैत्रिणींना वाटलं, आमटी तिखट झाली.

सकाळीच शेजारच्या काकूंकडे सांगलीला फोन लावला. फोनचा रेट गेला खड्ड्यात! अण्णा धापा टाकत आले. मी किंचाळले, "अण्णा, नोट खरी आहे!"

"अगं, मला माहीत होतं की! तू जेवलीस का?" मग बाजूला वळून, अगदी ऐटीत, "काकू, ऐकलंत ना?"

आता मी अमेरिकेतच, ट्रॉय गावी राहते; दर दिवाळीला ती नोट पाटावर सगळ्यांत वर असते. अण्णा नाहीत. तिकडे भारतात राहिलेले तुम्ही आणि माझ्यासारखे निघून आलेले, दोघंही विचारता, तुझं घर नक्की कुठलं? जिथे माझ्या बोलण्याला कुणी पुरावा मागत नाही, ते माझं घर. ते मला अण्णांनी जन्मापासून दिलं. त्यांना मात्र मी ते माझ्या चोविसाव्या वर्षी दिलं, आणि तेही इतक्या लांबून, फोनवर.