अमावस्येला अल कुआला, निरांजन घेऊन

"अमावस्येला घराबाहेर पडायचं? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?" ही माझी आई. नाशिकहून आमच्याकडे आखातात, करामाला राहायला आलेली. पण दीर्घिकांचा समूह बघायचा म्हणजे चंद्र नसलेली रात्रच हवी, आणि तीही अल कुआच्या वाळवंटातली. त्यात त्याच दिवशी लेकीचा, इराचा, अठरावा वाढदिवस. ऑगस्टमध्ये ती खगोलशास्त्र शिकायला कॅनडाला चालली आहे. ज्याच्यापायी पोरगी घर सोडतेय ते मला एकदा या डोळ्यांनी बघायचं होतं, बास!

आई तयार झाली, पण अट घालून. "दिवेलागणीला औक्षण मी तिथेच करीन." मग ताम्हन, निरांजन, तुपातली वात, सगळं डब्यात भरलं.

तुम्ही जाणार असाल तर अल ऐनमार्गे जा, दोन-अडीच तास लागतात. पेट्रोल अल ऐनलाच भरा. वाळूत गाडी घालायचा शहाणपणा करू नका. माझा नवरा मंदार करणारच होता, मी ओरडले. वाटेत करक चहा, दोन दिराम. "पन्नास रुपये! चहाला!" म्हणत आईने दुसरा कप मागितला.

ट्रॅफिकने जीव काढला, पोचेपर्यंत दिवेलागण टळून गेली. इराच्या क्लबची मंडळी दुर्बिणी लावून बसलेली. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास तरी लागतो, तोवर मोबाइलसुद्धा काढायचा नाही. आम्ही चाचपडत थालीपीठं खाल्ली. इराने दुर्बीण कन्या राशीकडे वळवली. "मम्मा, रेडी?" आणि मागे खर्रकन काडी ओढल्याचा आवाज!

"आजी, नो! प्लीज, नो लाइट!"

"खलास, हबीबी, खलास!" पलीकडून कुणीतरी अरबीत 'पुरे, पुरे' म्हणून ओरडलं. वात पेटायच्या आत मंदारने काडीवर फुंकर मारली. झालं! सगळ्यांचे डोळे दिपले, पुन्हा अर्धा तास.

"वाढदिवसाला फुंकर?" आईचा आवाज भरून आला. "एवढ्या लांब चालली पोरगी, आणि ओवाळायचंही नाही?"

इरा तिच्याजवळ वाळूत बसली. "आजी, त्या गॅलक्सीज इतक्या फास्ट फिरतात, दे शुड हॅव फ्लोन अपार्ट. जेवढं दिसतं, तेवढ्याच्या ओढीने त्या एकत्र राहूच शकत नाहीत."

"मग धरून कोण ठेवतं?"

"समथिंग वी कान्ट सी. काय ते नोबडी नोज. दॅट्स व्हाय आय वॉन्ट टु गो."

आईने काडीपेटी डब्यात परत टाकली.

अर्ध्या तासाने मी दुर्बिणीला डोळा लावला. आधी काहीच नाही. "सरळ नको, जरा बाजूला बघ," इरा म्हणाली. आरशावर श्वास सोडावा तसे दोन पुसट ठिपके दिसले. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड! अगं बाई, एवढ्याशा ठिपक्यांसाठी चालली ही? म्हटलं खरं, पण तिथून डोळा काढवेना.

"ये इकडे," आई इराला म्हणाली. आणि अंधारातच, न पेटवलेल्या निरांजनाने तिने नातीला ओवाळलं.

करामाला परतल्यावर लिफ्टच्या उजेडात कळलं, कुंकू इराच्या नाकावर लागलं होतं. हसून हसून मुरकुंडी वळली.

घरात मी वात लावायला काडीपेटी घेतली, तर इराने निरांजन उचललं. "असंच नेते मी. हॉस्टेलमध्ये फ्लेम अलाउड नाहीये. आजी, पुढच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर ओवाळ, असंच अंधारात."

"अगं, तुझ्याकडे रात्र तेव्हा माझ्याकडे लख्ख सकाळ," आई म्हणाली. मग इराचं कुंकू लागलेलं नाक पदराने पुसत म्हणाली, "चालेल. मी डोळे मिटून घेईन."