निरोगी मान

नवीन सोनोग्राफी मशीन आलं की ते आधी एखाद्या धडधाकट माणसाच्या मानेवर लावून पाहायचं, पडद्यावरचे रंग जमवायचे आणि ती मांडणी साठवून ठेवायची, अशी त्या दवाखान्याची जुनी रीत होती. हे काम सोनोग्राफीच्या बाईंचं. बावीस वर्षांत त्यांच्या हाताखालून इतक्या माना गेल्या होत्या, की रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तरी त्यांची नजर आधी गळ्यावर जायची. डॉक्टर म्हणायचे, "बाई, तुम्ही समोर आलात की मला कॉलर वर करावीशी वाटते."

शेवटचं नवीन मशीन आलं त्या दुपारी बाईंची धाकटी बहीण डबा द्यायला आली होती. ती कपडे शिवायची. बाईंनी तिलाच पलंगावर आडवं केलं.

"ताई, मला काय झालंय?"

"काही झालेलं नाही, म्हणूनच तू हवीस. गप पड."

बाईंनी जेलची बाटली गरम पाण्यात ठेवली होती. जेल गार लागलं की माणूस दचकतो आणि चित्र हलतं. मशीनचा दांडा गळ्यावर टेकवला, रक्ताचा प्रवाह दाखवणारे रंग सुरू केले आणि पडदा लाल-निळा पेटून उठला. सगळी थायरॉईडची ग्रंथी धगधगत होती.

"अगं बाई, हा तर वणवा!" धाकटी पडद्याकडे बघून हसली. "आई मला रागीट म्हणते ते खरं आहे. माझ्या डोक्यात नाही, गळ्यातच राग भरलाय."

बाई पण हसल्या. निरोगी मानेत एवढं रक्त दिसत नाही, म्हणजे मशीनचे रंग चढे लागले आहेत, हा त्यांचा हिशेब. त्यांनी बटण फिरवत रंग उतरवले. ग्रंथी करडी झाली, कडेच्या दोन रक्तवाहिन्या तेवढ्या उरल्या. "आता कशी शहाण्यासारखी दिसतेस," असं म्हणून त्यांनी ती मांडणी साठवली. पुढचे सगळे रुग्ण त्याच मांडणीवर तपासले गेले.

धाकटी त्या दिवसांत भरपूर जेवायची आणि वाळत चालली होती. शेजारणी विचारायच्या, काय करतेस गं, आम्हालाही सांग. कडाक्याच्या थंडीतही ती खिडकी उघडायची. सुईत दोरा ओवायला तिला तीन-तीनदा प्रयत्न करावे लागत, मग ती सुई भिरकावायची आणि आई ओरडायची, "नाकावर राग घेऊनच जन्माला आलीय! तुझ्याजवळ कोण टिकणार?"

पाच महिन्यांनी छाती धडधडते म्हणून रक्त तपासलं. थायरॉईड वाढलेलं निघालं. आता प्रश्न एवढाच होता की कोणत्या प्रकारचं. ग्रंथीच जादा काम करत असेल तर तिच्यात रक्त सुसाट धावतं, आणि लगेच औषधं सुरू करावी लागतात. ग्रंथीला नुसती सूज आली असेल तर साठलेला स्राव बाहेर झिरपतो, रक्त कमी दिसतं, आणि दुखणं काही महिन्यांत आपोआप ओसरतं. त्या दवाखान्यात हा निवाडा डॉक्टर बाईंच्या चित्रावरून करत.

बाईंनी स्वतःच्या हाताने धाकटीची सोनोग्राफी केली. ग्रंथी करडी, शांत दिसली. डॉक्टरांनी सूज असं लिहिलं, धडधडीपुरती गोळी दिली आणि तीन महिन्यांनी बोलावलं.

"सुटलीस," बाई म्हणाल्या. "जाईल आपोआप."

"तुझ्या तोंडात साखर पडो, ताई."

सातव्या आठवड्यात ती शिलाई मशीनवरच कोसळली. हृदयाचे ठोके बिघडले होते आणि रक्ताची गुठळी मेंदूत गेली होती. मोठ्या रुग्णालयात तिच्या गळ्यावर पुन्हा सोनोग्राफी झाली तेव्हा बाई उशाशी उभ्या होत्या. पडदा पेटून उठला. तोच वणवा. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "एवढं रक्त आधी कुणाला दिसलं नाही?" चौथ्या दिवशी धाकटी गेली.

दिवसकार्य उरकल्यावर बाईंनी डॉक्टरांना सगळं सांगितलं: ज्या मानेवर मशीनचे रंग जमवले, तीच तेव्हा आजारी होती. डॉक्टर म्हणाले, "मी नुसत्या रंगावर विसंबलो. रक्ताचा वेग मोजायला सांगायला हवा होता." मशीनची मांडणी बदलली आणि मधल्या काळात तपासलेले, थायरॉईड वाढलेले नऊ रुग्ण परत बोलावले. दोघांच्या बाबतीत तीच चूक निघाली. दोघेही वेळेत सापडले.

आईला मात्र कुणी काही बोललं नाही. ती येईल त्याला सांगायची, "ताईने जातीने तपासलं हो तिला. काही कमी पडू दिलं नाही." बाई तेवढ्यापुरत्या आतल्या खोलीत जायच्या.

असा आजार घरात इतरांनाही असू शकतो, म्हणून डॉक्टरांनी आईची तपासणी करायला सांगितली. रक्ताचा अहवाल आधी आला. तो चांगला होता. मगच बाईंनी आईला पलंगावर घेतलं.

"ती इथेच झोपली होती ना गं?"

"हो."

"गार लागलं असेल तिला."

"नाही. बाटली गरम पाण्यात ठेवली होती." बाईंनी दांडा टेकवला, आणि पडद्यावरची नजर न काढता त्या पहिल्या दुपारपासून सगळं सांगून टाकलं. निरोगी म्हणून तिला आडवं केलं इथपासून, रंग उतरवले इथपर्यंत.

आई छताकडे बघत राहिली. गळ्यावर दांडा असल्यामुळे तिने आवंढा गिळलेला पडद्यावर दिसला.

"तिचे हात थरथरायचे," आई म्हणाली. "मला दिसायचं. मी म्हणायची, राग आवर."

पडद्यावर आईची ग्रंथी करडी, शांत होती. बाईंचा हात रंगाच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"मान वळवू का?" आईने विचारलं.

"वळव. डावीकडे."