फलसफ्याला शिफारस

शनिवार, १५ जून १९२९, बीड. सकाळपासून वारा आणि धूळ. गडी गहिनीनाथ परसातले कुंपण बांधून गेला. काल जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या ओट्यावर जमात बसली होती म्हणे. दुपारी आमिनाबी येऊन गेली.

विमलबाईंच्या डायरीत एवढेच आहे. बाकीचे आमिनाबीने त्यांच्या पायरीवर बसून सांगितले, ते असे.

आमिनाबी मनियारीण तीस वर्षे बीडच्या बायकांना बांगड्या भरत आली. नवरा गेल्यावर डोक्यावर घेतलेली टोपली तिने खाली ठेवली नाही. तिचा मकसूद औरंगाबादेत इंटर पास झाला आणि हैदराबादला जाऊन फलसफा, म्हणजे तत्त्वज्ञान, आणि निरनिराळे धर्म शिकायचे म्हणू लागला. तिथल्या वसतिगृहात जागा मिळायला गावच्या जमातीचे शिफारसपत्र लागे. ते आज दुपारच्या टपालाने गेले नाही, तर जागा दुसऱ्याला.

काल त्यासाठी पाच शहाणे बसले. मध्यभागी जमातीची मोहोर बाळगणारे, तहसिलीतले पेशकार नबीसाहेब. फलसफा म्हणजे काय हे पाचांपैकी एकालाही ठाऊक नव्हते, त्यामुळे मत द्यायला कुणालाच अडचण आली नाही. एक म्हणाला, पोरगा प्रश्न विचारायला लागेल. दुसरा म्हणाला, हिंदूंचे, ख्रिस्त्यांचे, पारशांचे धर्म वाचून आल्यावर आपला कोणता हे त्याला आठवेल का? तिसऱ्याने कायदा सुचवला; वकिलाच्या इमानाची काळजी कुणी करत नाही. हे सर्वांना पटले. कोपऱ्यातले म्हातारे मौलवी म्हणाले, "मी स्वतः मदरशात दोन वर्षे फलसफा शिकलो. आपल्या बुजुर्गांनी त्यावर ग्रंथ लिहिलेत." मौलवींचे आता वय झाले, असे सर्वांनी मोठ्या अदबीने ठरवले. पत्र राहिले.

आज सकाळी पेशकारांच्या बायकोने, जरीनाबीने, आमिनाबीला बोलावले. नेकनूरला भाचीचे लग्न, बैलांची दमणी दाराशी जुंपलेली. आमिनाबीने डाव्या हातात बारा हिरव्या, अगदी घट्ट भरल्या. मग उजवा हात हलकेच खाली ठेवला.

"थांबलीस कावून?"

"हात कापायलाय, बीबी. पोराच्या पत्राची काळजी. अशा हातानं भरलं तर काच टिचंल."

एक हात भरलेला, एक उघडा. असे लग्नघरी गेले तर बायका आधी नवऱ्याचीच तब्येत विचारणार. भरलेल्या काढायच्या तर फोडाव्या लागतात, आणि नवरा पडद्यापलीकडे जिवंत खोकत असताना त्या फोडणार कोण?

पडद्यापलीकडून आवाज आला. "आमिनाबी, ही जबरदस्ती हाय. आमी तुझ्या पोराचं इमान वाचवायलोत."

"लई मेहेरबानी, साहेब. पण तीस वरसं मी बामणाच्या, मारवाड्याच्या, मराठ्याच्या घरात जाते. त्यांच्या आरत्या कानावर पडतात, उपासाचं ताटात पडतं. माझं इमान कुठं सांडलं न्हाई. अन् पोराचं एका किताबानं फुटणार असंल, तर ते हितं ठेवून तरी कितीक दिवस टिकणार?"

पलीकडे नबीसाहेब पुन्हा खोकले.

"अवो, लिवा की आता," जरीनाबी म्हणाल्या. "बैलं ताटकळलीत. तुमाला थोडाच वाचायचा हाय त्यो फलसफा?"

पेशकारांनी लिहिले. जमातीने सखोल विचारांती मकसूदची शिफारस केली आहे, असे लिहिले आणि खाली मोहोर उठवली. मकसूद ओसरीवर उभाच होता. त्याने कागद वाचला आणि टपालाकडे धावला. मग आमिनाबीने उजवा हात घेतला. बारा बांगड्या चढल्या, एकही टिचली नाही. दमणीत बसता बसता नबीसाहेबांनी शेजाऱ्याला ऐकवले की मुसलमान पोरांनी फलसफा वाचलाच पाहिजे, ते हे कधीपासून सांगत आले आहेत, पण जमातीत ऐकतो कोण.

"हात खरंच कापत होता का गं?" विमलबाईंनी विचारले.

"कापत होता, बाई." आमिनाबीने टोपलीवरचे फडके नीट केले. "फलसफा शिकलेलं पोरगं मनियारणीच्या घरी माघारी यील का, ह्यावर पाचांतल्या एकानंबी तोंड उघडलं न्हाई."

ती उठली आणि मकसूदचे कपडे धुवायचे म्हणून गेली.

संध्याकाळी विमलबाईंनी त्याच पानावर खाली लिहिले: कंदिलाची काच तडकली. तूरडाळ दोन शेर निवडून डब्यात भरली.