हजेरीत न लिहिलेला सामना

बाळासाहेबाचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या कार्यालयात दाखले लिहीत बसलो होतो. बाळासाहेब एरवी फोनवर आधी शिवी देतो आणि मग बोलतो. त्या दिवशी शिवी आली नाही. "हवालदार गेला रं," एवढंच म्हणाला. कोल्ड स्टोरेजच्या फाटकापाशी, पहाऱ्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या, सकाळी साडेदहाच्या सुमारास. मी "कसं?" विचारलं, "घरी कळवलं का?" विचारलं, अशा वेळी सगळे विचारतात ते सगळं विचारलं. पण आता दीड महिन्यानं लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो, की फोन ठेवताना माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. आता त्याला सांगावं लागणार नाही... असं आलं होतं. सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं हातातला दाखला पुरा होईपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

ज्ञानदेव, म्हणजे गावाचा हवालदार, मूळचा माण तालुक्यातला. घरात मेंढरं, आभाळात पाऊस नाही, म्हणून अठराव्या वर्षी फौजेत गेला. काठी हातात धरायची ती मेंढरांमागं, एवढंच त्याला माहीत. हॉकीची काठी त्याच्या हाती पलटणीनं दिली. नोकरी संपवून तो बायकोच्या माहेरी, आमच्या तासगावात राहायला आला आणि कोल्ड स्टोरेजवर पहारेकरी झाला. कुस्ती-कबड्डीच्या मुलखात तुमच्याकडं हॉकी कशी, असं बाहेरचे लोक विचारतात. फौजेतनं परतलेल्या कुणा म्हाताऱ्यांनी कधीतरी काठ्या आणल्या आणि त्या गावात राहिल्या, याहून मोठा इतिहास मला ठाऊक नाही. मैदान मुरमाचं. एका अंगाला लांबलचक बांध, त्याच्यावर आम्ही प्रेक्षक. बांधाच्या मागं बेदाण्याचं शेड. संघाच्या बनियनी पिवळ्या, म्हणून आमचे ते 'पिवळे'.

सतरा वर्षांपूर्वी त्या बांधावरच आमची ओळख झाली. मी नेहमीप्रमाणे गप्प उभा होतो आणि शेजारचा दांडगा माणूस स्वतःशीच पुटपुटत होता, "दे की, दे की चेंडू... आरं घरात ठेवतोस का त्येला!" मला हसू आलं. त्यानं वळून पाहिलं आणि विचारलं, "तुमी मास्तर काय?" मी शाळेत लिपिक आहे म्हणून सांगितलं. "म्हंजे मास्तरच की," तो म्हणाला, आणि तेव्हापासून मी त्याचा मास्तर. वयानं आम्ही एकाच वर्षाचे निघालो. मला फार मित्र नाहीत. खरं म्हणजे तो सोडला तर नाहीतच, आणि हे मला तो असताना कळलं नव्हतं.

यंदाचा मोसम काही वेगळाच होता. नवा प्रशिक्षक, पळणारी पोरं, आणि उपांत्य नि अंतिम सामने आमच्याच मैदानावर. मैदानाच्या फाटकाजवळच्या चहाच्या गाड्यावर दुसरा विषय नव्हता. बांधावर आमच्या शेजारी उभा राहणारा बाळासाहेब म्हणायचा, नुसतं पुढं पळा, गोल मारा, बाकी देवावर सोडा. हवालदार म्हणायचा, "देव काय राखणीला हाय व्हय? आघाडी घेतली की आपली पोरं मागं सरकत्यात. शेवटच्या दहा मिनटात मरतो आपण, दरसाल." आणि यंदाही घरच्या पहिल्या दोन सामन्यांत तेच झालं, जिंकलेले सामने शेवटाला बरोबरीत गेले. तिसऱ्याला तो भाचीच्या लग्नाला माणला गेला होता, आम्ही जिंकलो. चौथ्याला परत आला, आम्ही मिरजेकडनं हरलो.

त्या हरल्या दिवशी गाड्यावर मी तोंड उघडलं. सहसा मी उघडत नाही. गोलकीपर बदलला पाहिजे, असं मी म्हणालो, आणि दोघा-तिघांनी माना डोलावल्यावर जरा जोरातच म्हणालो. हवालदारानं चहाचा घोट संपवला. "गोलकीपरची चूक शेवटची असती मास्तर, म्हणून ती दिसती. पयली चूक कुठं झाली ते बघावं." मी ऐकलं नाही. वाद घालत राहिलो. तेव्हा तो हसत म्हणाला, "तू कवा हातात काठी धरलीयास का रं? जल्मभर फूटपट्टी धरलीस!" गाड्यावरची वीस-पंचवीस माणसं खदखदून हसली. बाळासाहेबाला तर ठसका लागला. हवालदारानं लगेच माझ्या पाठीवर थाप मारली, उरलेली अर्धी खारी माझ्या पुढ्यात सरकवली. त्याच्या बाजूनं ते तिथंच संपलं. माझ्या बाजूनं संपलं नाही.

पाचव्या सामन्याला तो तापानं आडवा होता आणि आम्ही चार-शून्यनं जिंकलो. त्या संध्याकाळी मी शाळेच्या हजेरीपत्रकाचा एक कोरा कागद घेतला, पट्टीनं रकाने आखले, आणि हवालदाराची हजेरी भरली. हजर, बरोबरी. हजर, बरोबरी. गैरहजर, विजय. हजर, पराभव. गैरहजर, विजय. गैरहजेरी शाळेच्या रिवाजाप्रमाणं लाल शाईनं. खाली शेरा लिहिला, 'सदर इसमास मोसमअखेरपर्यंत सक्तीची रजा द्यावी.' फोटो काढला आणि प्रेक्षकांच्या मोबाइलवरच्या गटावर टाकला. क्षणात हसण्याचा पाऊस पडला. कुणीतरी पहिल्यांदा 'पनवती' हा शब्द वापरला. तो शब्द माझा नव्हता, पण त्याची जागा मीच आखून ठेवली होती. हवालदाराचंही उत्तर आलं, 'रजा मंजूर व्हावी साहेब.' सगळे म्हणाले, गडी खेळकर आहे.

आता ती गोष्ट. त्या कागदावर पाच सामने होते, खेळले गेले होते सहा. मोसमाचा पहिला सामना मलकापूरला झाला होता. हवालदाराच्या हट्टापायी आम्ही दोघंच एसटीनं निघालो. विट्याच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली, तर हा चाक बदलायला ड्रायव्हरच्या शेजारी वाकून बसला आणि त्यालाही हॉकीचे नियम सांगू लागला. पोचलो तेव्हा शेवटची पंधरा मिनिटं उरलेली. कोपऱ्यातल्या कुंपणापलीकडनं आम्ही बघितलं. एक-एक असताना आपल्या पोरानं वळून गोल मारला आणि हवालदारानं मला, एका चोपन्न वर्षांच्या लिपिकाला, उचलून धरलं. जिंकलो. परतीची गाडी चुकेल म्हणून पोरांना भेटायलाही थांबलो नाही. पुढ्यात भेळेचा कागद धरून तो तासगावपर्यंत तो एकच गोल सांगत आला. तो तिथं होता हे, त्याचं घर सोडलं तर, गावात तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणूनच तो सामना मला गाळता आला.

विसरलो असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगून पाहिलं. विसरलो नव्हतो. रकाने आखताना सहावा रकाना आखला होता, तो खोडला.

उपांत्य सामन्याच्या आधी गोष्ट थट्टेची राहिली नाही. खेळणारी पोरंसुद्धा कुजबुजू लागली. बाळासाहेब म्हणाला, "मास्तर, तुझा दोस्त हाय, तूच सांग त्येला. दोन सामन्यांचा तर प्रश्न." मी गेलो. तो अंगणात बसून जुन्या काठीला नवी पट्टी गुंडाळत होता. मी आडून आडून बोलत राहिलो, हवा, पाणी, पोरांची तयारी. त्यानं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "पोरांच्या डोक्यात बसलंय का ते?"

"थोडंसं," मी म्हणालो.

"मग न्हाई येत मी. खेळणाऱ्याच्या डोक्यात खडा नको." पट्टीचं टोक त्यानं दातानं तोडलं. मग माझ्याकडं बघत राहिला. नुसता बघत. मी मलकापूर म्हणावं, एवढा वेळ त्यानं मला दिला... हे मला आज कळतं. मी म्हणालो, "वहिनी दिसत नाहीत कुठं?"

आम्ही उपांत्य सामना जिंकलो. अंतिम सामन्यात साताऱ्याला हरवलं, तेही शेवटची दहा मिनिटं मागं न सरकता. गुलालात मिरवणूक निघाली, त्याच्या घरावरनं गेली. तो दारात उभा होता. गोलकीपरनं पळत जाऊन त्याच्या कपाळाला गुलाल लावला, वहिनींनी पोरांना ओवाळलं. त्याची नजर गर्दीत कुणाला तरी शोधत होती. मी ढोलवाल्यांच्या मागं झालो. त्यानंतर तीन आठवडे तो जिवंत होता. त्याचं घर माझ्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी गेलो नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ, म्हणत राहिलो.

तेरावं उरकल्यावर चार दिवसांनी गेलो. सुमनवहिनी बेदाण्याच्या काड्या वेचत बसल्या होत्या. त्या शेडातल्या कामावर जात नव्हत्या म्हणून मालकानं काम घरी पाठवलं होतं. मी पाठ करून आलो होतो तसं सगळं बोललो, तो कागद, तो शब्द, तो गाळलेला सामना. त्यांचा हात थांबला नाही.

"आवं, ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "तुमचं अक्षर वळखतो की आमी. पोराच्या दाखल्यावर हाय तेच. त्यांनी मला तवाच दाखवलं. म्हणाले, मास्तरानं मलकापूर लिवलंच न्हाई. मी म्हनलं, मग सांगा की चारचौघांत. तर म्हणाले, सांगून काय करू? गावात त्येला एक मीच हाय. खोटा पडला तर कुणाशी बोलंल?"

मग मी एक बावळट प्रश्न विचारला, सामन्याच्या दिवशी तो घरात बसून काय करायचा?

"घरात?" वहिनींनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "घरात कशाला बसतील? तुकारामाच्या शेडात जायचे. मैदानात पाय ठेवायचा न्हाई म्हणाले होते, बघायचं न्हाई असं कुठं म्हणाले होते?"

तिथनं मी सरळ बेदाण्याच्या शेडात गेलो. तुकाराम तिथला राखणदार. जाळ्यांच्या एकावर एक फळ्या, त्यांवर पसरलेली द्राक्षं, आत तो गोडसर आंबूस दमट वास. शेडच्या चारी बाजूंनी ऊन अडवायला हिरवी जाळी बांधलेली असते. तुकारामानं मला फळ्यांच्या मधनं अरुंद वाटेनं पार टोकाला नेलं. प्लास्टिकचं एक क्रेट पालथं घातलेलं होतं. "हितं बसायचे. दोन्ही सामनं." मी बसलो. शेड बांधापेक्षा उंचावर, त्यामुळं जाळीतनं मैदान दिसत होतं, हिरवट, जरा धुरकट, पण पुरतं दिसत होतं. आणि मैदानाच्या अलीकडं, दहा-बारा पावलांवर, बांध होता. आमचा बांध. बाहेरनं ही जाळी म्हणजे आंधळी भिंत वाटते. कितीदा तिच्याकडं पाठ करून मी उभा राहिलो असेन. बांधावर त्या वेळी कॉलेजची दोन पोरं बसली होती, हळू आवाजात कसल्याशा परीक्षेबद्दल बोलत होती. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

अंतिम सामन्याच्या दिवशी त्या बांधावर मी काय बोललो, ते अजून लिहिलेलं नाही. दुसरा गोल झाला तेव्हा सगळे नाचत होते आणि आयुष्यात एकदा तरी सगळ्यांनी माझ्या बोलण्यावर हसावं असं मला वाटलं. मी ओरडून म्हणालो, "पनवती घरात, कप गावात!" हसले सगळे. बाळासाहेबानं तर मला मिठी मारली.

"ऐकलं होतं का त्यानं?" मी तुकारामाला विचारलं. कशाबद्दल विचारतोय हे त्याला सांगावं लागलं नाही.

तो फळीवरची द्राक्षं उगाच सारखी करत राहिला. "खरं सांगू का? मीच उठलो होतो. म्हनलं भाईर जाऊन चार शब्द सुनवून येतो तुमाला. हवालदारानं माझं मनगाट धरलं. लय घट्ट. मैदानावरची नजर काय काढली न्हाई. म्हणाले, बस खाली. सात मिनटं हायत अजून."

तुकाराम द्राक्षं बघायला पुढं निघून गेला. बांधावरची पोरंही उठून गेली, मैदान मोकळं झालं. मी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि त्या क्रेटवर सात मिनिटं बसून राहिलो, रिकाम्या मैदानाकडं बघत. फार मोठा वेळ असतो तो.